सेलन ते मूरा : टाच मोकळी ठेवून नव्वद किलोमीटर

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं गुलमर्ग किंवा औली : दोरीच्या पाळण्यातून वर जायचं आणि उतारावरून सुसाट खाली यायचं. त्या प्रकारात बुटाची टाचही पट्टीला जखडलेली असते. नॉर्डिक स्कीइंगमध्ये फक्त पायाचं पुढचं टोक अडकवतात, टाच मोकळी. त्यामुळे सपाटीवर चालता येतं, चढ चढता येतो. उत्तरेकडच्या माणसांनी हजारो वर्षं बर्फातून शिकारीला, शेजारच्या गावाला, चर्चला जाताना हेच वापरलं. खेळ नंतर आला.

या खेळाचं मोठेपण पाहायचं तर स्वीडनच्या दालार्ना प्रांतातली ‘वासालोपेत’ ही स्कीची शर्यत पाहावी. मार्चचा पहिला रविवार, सकाळी आठची वेळ. सेलनजवळच्या माळावर पंधरा हजारांहून अधिक माणसं स्की बांधून उभी असतात. मूरा गाव तिथून 90 किलोमीटर.

मुळाशी 500 वर्षांपूर्वीची कथा आहे. डेन्मार्कच्या राजाने 1520 मध्ये स्टॉकहोममध्ये सरदारांची कत्तल केली. त्यात वडील गमावलेला तरुण गुस्ताव वासा मूराच्या लोकांकडे बंडासाठी मदत मागायला आला. लोक कचरले. तो नॉर्वेच्या दिशेने निघाला. मागाहून गावाचं मन पालटलं आणि त्याला परत आणायला दोन तरबेज स्कीवाले धाडले. त्यांनी त्याला सेलनला गाठलं, असं परंपरा सांगते. पुढे 1523 मध्ये तो स्वीडनचा राजा झाला. म्हणून शर्यत सेलनहून मूराकडे धावते. ही पळून जाण्याची नव्हे, परत येण्याची वाट आहे.

पहिली शर्यत 1922 ची. निघाले 119 जण. बावीस वर्षांचा एर्न्स्ट आल्म साडेसात तासांच्या थोडं वर वेळ घेऊन जिंकला. 2021 मध्ये विजेत्याने हेच अंतर साडेतीन तासांच्या आत कापलं.

हा फरक कशाने पडला ते कळायला स्की उलटी करून तळ पाहायला हवा. पट्टी मधोमध कमानीसारखी किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार असला की मधला भाग बर्फाला टेकत नाही, स्की घसरत राहते. एका पायावर सगळा भार टाकून रेटा दिला की कमान दबते, तिथे लावलेलं मेण बर्फाला धरतं आणि माणूस पुढे सरकतो. ताज्या कोरड्या बर्फाला कडक मेण, ओल्या किंवा गोठून खडबडीत झालेल्या बर्फाला मधासारखं चिकट. मेण चुकलं तर चढावर पाय मागे घसरतात किंवा तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. आघाडीचे खेळाडू आता पकडीचं हे मेण लावतच नाहीत. हातातल्या दोन्ही काठ्या एकदम रोवून दंड, पाठ आणि पोटाच्या जोरावर सगळी वाट ओढून नेतात. ती ताकद थक्क करणारी आहे, पण मला जास्त मोह पडतो तो मागच्यांच्या लयीचा : एक रेटा, एक लांब घसरण, पुन्हा रेटा.

सुरुवातीलाच तीनेक किलोमीटर चढ आहे. तिथे हजारोंची कोंडी होते, काठ्या मोडतात. पुढे सात थांबे. तिथे कागदी पेल्यातून कोमट, दाटसर, जांभळं ब्लूबेरीचं सार मिळतं. विजेत्याला तेच आणि अंधार पडता पडता पोचणाऱ्यालाही तेच.

या परंपरेवर एक डाग आहे आणि तो झाकू नये. 1923 मध्ये मार्गिट नॉर्डिन या तरुणीने दहा तासांच्या जरा वर वेळात ही शर्यत पूर्ण केली. लगेच 1924 पासून स्त्रियांना बंदी झाली, ती उठली 1981 मध्ये. मधल्या काळात काहीजणी पुरुषवेश करून धावल्या. ज्या वाटेवर बायका पिढ्यान्‌पिढ्या स्कीवरून ये-जा करत आल्या, तिथेच त्यांना अडवणं हा निव्वळ अन्याय होता.

स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं : त्याच आठवड्यात 30 आणि 45 किलोमीटरच्या शर्यतीही असतात. हिवाळा घरात बसून काढू नका. मुलांना घेऊन एकदा बर्फात स्कीसाठी पाडलेल्या दोन समांतर चरांत उभे राहा.