हात बसायचा आहे

दुपारचे तीन वाजलेत. कर्जत स्टेशनच्या भिसेगावच्या बाजूला एका घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून या वेळी क्लास भरतो. शटर अर्धं खाली ओढलंय. चटईवर चार मुली बसल्यात, सलवार गुडघ्यापर्यंत वर सरकवलेली. दोऱ्याचं टोक दातांत धरून, पीळ बोटांनी पुढे-मागे करत त्या आपल्याच पोटरीवरचे केस काढतायत. आयब्रो शिकायची सुरुवात भुवईपासून होत नाही!

"दोरा ढिला सोडू नकोस, कातडी चिमटेल," मॅडम वाकून बघतात. "स्स!" करणारीला आपोआप उत्तर मिळतं. दुसरी सांगते की तिने काल भावाच्या हातावर प्रॅक्टिस केली, आता तो तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. सगळ्या हसतात. मॅडम हसत नाहीत. वॅक्सच्या डब्याकडे बोट दाखवून त्या विचारतात, "अंगाला लावलेली लाकडी पट्टी परत डब्यात बुडवली कुणी?" खोली गप्प. मला हा प्रश्न आवडतो. प्रत्येक बाईला नवा दोरा, केसांच्या रंगाआधी कानामागे थेंब लावून एक दिवस वाट पाहणं, या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. आठवड्याभरात मेकअप आर्टिस्ट करून देणाऱ्या जाहिरातींत तर नाहीतच.

शटरखालून वाकून एक बाई आत येतात, मागे मुलगी.

"मॅडम, हिला शिकवायचंय. सर्टिफिकेट मिळतं ना?"

"माझं मिळतं, पण ते भिंतीवर लावायला." बाई जरा गडबडतात. "दहावी झाली ना हिची? मग आयटीआयचा फॉर्म भरा. कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, एक वर्षाचा. तो कागद देशभर चालतो, नोकरीलाही."

"आणि ते बँकेचं फुकटवालं?"

"अलिबागचं? बँक ऑफ इंडियाच्या संस्थेत साधारण महिन्याचा कोर्स असतो, राहणं-जेवण त्यांचंच. पण अठरा पूर्ण लागतात."

मुलगी सोळाची. तो रस्ता तूर्त बंद.

अलिबाग म्हटल्यावर बाईंच्या कपाळावर आठी येते, तिचं मला नवल वाटत नाही. रायगड जिल्ह्याचं ठिकाण तिकडे, पण इथला रूळ तिकडे जात नाही. भिसेगावातून घाईने निघालेला माणूस लोकलने बदलापूर, कल्याण, दादर गाठतो. मोठ्या नावांच्या अकॅडम्याही त्याच रुळावर आहेत. झुरिकच्या सिडेस्को या सौंदर्य-संस्थेचा डिप्लोमा, क्रूझवरची नोकरी, ही स्वप्नं त्या लोकलमध्ये बसूनच जातात. त्यांची फी ऐकली की मात्र बरेचजण पुढच्या स्टेशनावर उतरतात.

"शिकून मिळतं किती?" बाई मुद्द्यावर येतात.

"रोजच्या आयब्रोवर भाडं निघतं. कमाई लग्नसराईत." मॅडम बोटांवर मोजतात. "हळदीला घरातल्या सगळ्याच तयार व्हायला बसतात. नवरीची नऊवारी, अंबाडा, मुंडावळ्या, हे नीट येणारी मुलगी इथे रिकामी बसत नाही. पण पहाटे चारला उठून मंडपात जायची तयारी हवी, आणि सोडायला-आणायला घरचं माणूस."

मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते. "मेकअप कधीपासून शिकवता?"

"आधी हात बसू दे."

बाई निघत नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभ्या राहतात.

"माझी सातवी झालीय. मला जमेल?"

चटईवरचे दोरे थांबतात. मॅडम खुर्ची पुढे सरकवतात. जन शिक्षण संस्थान म्हणून एक आहे, त्या सांगतात, त्याला दहावी लागत नाही, आणि बायका पुरेशा असल्या तर वर्ग गावातही घेतात. मला वरळी आठवते. या योजनेचं मूळ तिथलं: 1967 साली मुंबईच्या कामगारांसाठी तिथे देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचीच पुढे जन शिक्षण संस्थानं झाली. रायगडचं अलिबागला आहे, पण इथे अलिबागनेच उठून यायचं असतं.

"वय किती तुमचं?"

"अडतीस."

"पंचेचाळीसपर्यंत घेतात. वीसेक बायका जमवाल?"

बाई मनातल्या मनात आपल्या गल्लीतली दारं मोजायला लागतात.