दौंडचं पाणी, तुरिनची वाफ

मांडवात जेवणं उरकत आली की कोपऱ्यातून ‘फुस्स्स’ आवाज येतो आणि पोरं तिकडं पळतात. शिरूर असो नाहीतर दौंड, आपल्यातल्या बहुतेकांची पहिली ‘एक्स्प्रेसो’ ती हीच: स्टीलचं मशीन, इन्स्टंट कॉफी, ढीगभर साखर, वाफेनं फेसाळलेलं दूध आणि वर कोको पावडरची भुरभुर. इटालियन माणसाला हे दाखवलं तर तो हात जोडेल. पण केटररला हसू नका. इटलीतली सुरुवातीची मशीनंही नुसत्या वाफेच्या जोरावरच चालायची.

त्यातलं पहिलं तुरिनचं. अँजेलो मोरिओंदोनं 1884 मध्ये तिथं वाफेवरच्या कॉफी मशीनचं पेटंट घेतलं, पण त्याचा कारखाना काही काढला नाही. धंदा केला तो पुढं मिलानच्या बेझेरा आणि पावोनी यांनी. फियाटसुद्धा तुरिनचीच, 1899 ची. त्याच फियाटच्या नावाचा कारखाना आज शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे आणि जीप कंपास तिथंच बनते. तुरिनचा हात आणखी वरपर्यंत पोचलाय. 2015 मध्ये अंतराळ स्थानकात अंतराळवीर सामंथा क्रिस्तोफोरेत्ती ज्या मशीनची एस्प्रेसो प्यायल्या, ते मशीनही तुरिनच्याच दोन कंपन्यांनी बनवलेलं.

दौंडकरांना आवडेल असं एक चित्र आहे. व्हिक्टोरिया आर्दुइनो या मशीनवाल्यांसाठी चित्रकार काप्पिएल्लोनं 1922 मध्ये एक जाहिरात रंगवली. धावत्या गाडीतून एक गृहस्थ बाहेर वाकलाय आणि फलाटावरच्या मशीनमधून कॉफीचा कप उचलतोय! जंक्शनवर हे चित्र टांगायला काय हरकत आहे?

आता दाबाचं. घरच्या कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत साधारण एक बार जादा दाब असतो. एस्प्रेसोला लागतो नऊ बार. वाफेच्या जोरावर तो मिळत नव्हता, म्हणून आकिले गाजानं 1948 मध्ये दांडा आणि स्प्रिंगवाली मशीनं बाजारात आणली. कपावर तपकिरी साय आली, तर गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, ‘हा फेस कसला?’ आज तोच क्रेमा आला नाही तर पैसे परत मागतील. दांडा ओढून ओढून दमलेल्या हातांना पंप मिळाला तो फाएमाच्या ‘ई-61’ मशीनमुळं. नावातला 61 म्हणजे 1961. त्या वर्षी फेब्रुवारीत इटलीत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, आणि ‘ई’ त्या ग्रहणाचा.

घरी शिकायचं तर एवढं पाठ करा: 18 ग्रॅम पूड आत, 36 ग्रॅम कॉफी बाहेर, वेळ 25 ते 30 सेकंद. दहा-बारा सेकंदांत धार संपली तर दळण बारीक करा, थेंब थेंब पडत असेल तर जाडसर. पूड दाबताना जोर नको, सपाटपणा हवा. तिरकी बसली की पाणी एका बाजूनं पळ काढतं. मिक्सर इथं निरुपयोगी, कारण पात्यात अर्धी भुकटी होते आणि अर्धे खडे राहतात. माझं मत विचाराल तर मशीन मधलं घ्या, ग्राइंडर चांगला घ्या. आणि मिक्सर साफ करताना घालतो तसे तांदूळ ग्राइंडरमध्ये घालू नका, कठीण दाण्यांनी मोटरवर ताण येतो.

पण आपल्या भागात मशीनचा खरा वैरी पाणी. दौंड-मनमाड मार्ग 1878 चा. तेव्हापासून वाफेच्या इंजिनांचे बॉयलर क्षार काढण्यासाठी वेळोवेळी धुवावेच लागायचे. तुमच्या ओट्यावरचं मशीन म्हणजे त्याच जातीचा छोटा बॉयलर. जड पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन बसतो, हीटरच्या कांडीवर बसतो तसाच. फक्त इथल्या नळ्या काही मिलिमीटरच्या, लगेच तुंबतात. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम कडकपणा मान्य करतं, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत. कॉफीवाल्यांचा पल्ला साधारण 50 ते 175. म्हणजे बोअरचं पाणी तुम्हाला चालेल, मशीनला नाही.

मग आरओचं ओता? तेही पुरतं बरोबर नाही. फार हलक्या पाण्यात कॉफी मचूळ लागते, आणि काही मशीनच्या पातळी मोजणाऱ्या कांडीला टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. जुगाड सोपा: बोअरचा कडकपणा 400 असेल तर एक भाग बोअर, चार भाग आरओ, उत्तर 80 च्या आसपास येतं. बोअर खारं असेल तर मात्र मिसळू नका, क्लोराइड स्टीललाही खातं.

क्षार बसलेच तर लिंबूसत्त्व, लिटरभर पाण्यात 20-30 ग्रॅम, मॅन्युअलची मनाई नसेल तर. व्हिनेगर नको, वास आठवडाभर जात नाही. बिनछिद्राची जाळी लावून उलटं धुणं फक्त तीन तोंडांचा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला. हँडलच्या कडेनं पाणी गळू लागलं की रबरी गास्केट कडक झालं समजा आणि बदला. वाफेची नळी दूध फेसाळल्या क्षणी ओल्या फडक्यानं पुसायची आणि एक फुस्स सोडायचा.

दुधाची ददात आपल्याकडं नाही. फेस धरतात प्रथिनं, जाडी देते चरबी, आणि म्हशीच्या दुधात दोन्ही जास्त. फ्रिजमधलं गार दूध घ्या, साठ-पासष्ट अंशांवर थांबा.

विजेचंही बघा. मशीन बाराशे ते पंधराशे वॉट ओढतं. घरचा साधा इन्व्हर्टर तेवढ्याला मान टाकतो. वीज बेभरवशाची असेल तर हातानं दाबायचं बिनविजेचं लिव्हर मशीन घ्या, गाजाच्या दांड्याच्याच जातीचं.

बिया कुठल्या? इटली ही भारतीय कॉफीची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक, तेव्हा तिथल्या कपात आपला रोबस्टा असतोच. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्यात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा आणि चिकोरीवाली पूड घेऊ नका. 250 ग्रॅमच्या पाकिटात तेरा डबल शॉट निघतात, चौदाव्याला थोडी कमी पडते.

आणि गूळ. दौंड तालुका गुऱ्हाळांचा, त्यामुळं हा प्रश्न येणारच. गुळाचा चहा दुधात फाटतो. काळ्या एस्प्रेसोत फाटायला दूधच नाही. बिनधास्त घाला.