आधी हिशेब, मग नमस्कार

‘जाऊ दे ना, घरात शांतता राहू दे.’ हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई सापडणं कठीणच. जमिनीचा वाटा असो, सासरचा टोमणा असो की नवऱ्याचा उगारलेला हात... गप्प बसायचं ते बाईनं, आणि त्या गप्प बसण्याला नाव मात्र शांततेचं!

आम्ही वसईकडचे कॅथलिक. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, मराठीतून होते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना संपली की थोड्या वेळानं एकमेकांना शांती देण्याची सूचना होते. मग आम्ही शेजारी, मागे वळून हात जोडतो, हलकेच मान लववतो. जेमतेम अर्धा मिनिट. त्यानंतर भाकर मोडली जाते आणि ख्रिस्तप्रसाद दिला जातो. पाहणाऱ्याला वाटेल, रीत आहे झालं!

रीत आहेच, पण फार जुनी. पौलाच्या पत्रांत एकमेकांना पवित्र चुंबन देण्याचा उल्लेख येतो. पुढे बायकांनी बायकांना आणि पुरुषांनी पुरुषांनाच ते द्यावं, असे नियमही झाले. मध्ययुगात युरोपात एक सजवलेली पाटी सगळ्यांमध्ये फिरवत आणि प्रत्येक जण तिचं चुंबन घेई. पण पहिला मान कुणाचा, यावरून तिथेही रुसवेफुगवे! (हळदीकुंकवाला गेलेल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नकोच.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) हा विधी पुन्हा सगळ्या भाविकांचा झाला. भारतातल्या बिशपांनी सुचवलेल्या बदलांना रोमने १९६९ साली मान्यता दिली, त्यात चुंबनाच्या जागी आपले जोडलेले हात आले. केरळच्या जुन्या ख्रिस्ती मंडळींत तर शांती वेदीपासून निघते आणि हातातून हातात सरकत शेवटच्या माणसापर्यंत पोचते.

आता ही शांती प्रसादाच्या आधीच का? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं, भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट पाहा, राग दुसऱ्याच्या मनात आहे आणि उठून जायचंय आपल्याला! देवाची पूजासुद्धा तोवर थांबेल.

योहानच्या शुभवर्तमानातला प्रसंगही मला महत्त्वाचा वाटतो. पुनरुत्थानानंतर येशू दारं लावून बसलेल्या घाबरलेल्या शिष्यांमध्ये येतो, शांती देतो आणि लगेच हात व कूस दाखवतो. म्हणजे जखमा झाकून नाही, दाखवून! म्हणून मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, घर सांभाळ’ असं सांगणारे आमच्यातही भेटतात, तेव्हा मला ते मुळीच पटत नाही. तिच्या जखमा आधी कुणी तरी बघायला हव्यात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती बाईलाही तेवढाच लागू आहे. त्याचा आधार घेतला म्हणून कुणी अधार्मिक होत नाही.

येशूच्या लोकांचा शांतीसाठीचा शब्द ‘शालोम’. त्यात नुसतं गप्प असणं येत नाही. पुरं असणं, काही उणं नसणं येतं. त्याच धातूपासून हिब्रूत ‘देणं चुकतं करणं’ हे क्रियापद झालंय. आपण नाही का ‘फिटलं एकदाचं’ म्हणून मोकळा श्वास घेत?

हे मला पुस्तकापेक्षा आमच्या काकींनी जास्त शिकवलं. काकी म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. वाडीतला तुकडा विकला, पैशांच्या वाटण्या झाल्या आणि दोघींचं बोलणं बंद झालं ते नऊ वर्षं. एकदा गर्दीमुळे दोघी एकाच बाकावर आल्या. शांतीच्या वेळी सासूबाईंनी हात जोडले, काकींनी नाही जोडले. घरी आल्यावर सासूबाई फणफणल्या, ‘‘देवासमोरसुद्धा एवढा ताठा!’’

पुढच्या उपवासकाळात एका दुपारी काकी वही घेऊन ओट्यावर हजर. म्हणाल्या, ‘‘जाऊबाई, मला खोटा नमस्कार जमत नाही. आधी हिशेब, मग नमस्कार.’’

दोघी दोन तास बसल्या. मी तीनदा चहा केला. सासऱ्यांच्या आजारपणाचा खर्च सगळाच्या सगळा काकींच्या वाट्यातून कापला गेला होता आणि तो कुणी त्यांना सांगितलाही नव्हता. सासूबाई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘एवढे एकदम नाहीत गं माझ्याकडे.’’ तीन हप्ते ठरले. मिठ्या नाहीत, रडारड नाही. पहिला हप्ता गेला त्याच रविवारी काकी आपणहून आमच्या बाकावर येऊन बसल्या.

हप्ते कधीच फिटले. विहिरीच्या पंपाचं वीजबिल कुणी किती भरायचं, हे मात्र अजून ठरत नाही. दर महिन्याला ओट्यावर दोघींचा आवाज चढतो आणि मला चहा ठेवावा लागतो.