उतरल्यावर हाती काय पडले?

स्थलांतरितांच्या सुबत्तेवर मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे एका गृहीतकावर उभे असते. अमुक समाज परमुलखात जाऊन श्रीमंत झाला, म्हणजे त्याच्या रक्तातच काही गुण असणार. तमुक समाज मागे राहिला, म्हणजे त्याच्यात काही खोट असणार. हे मला कधीही पटलेले नाही आणि दिवाळी अंकांतून ते दरवर्षी नव्या मुलाखतींसह पुढे येत असल्याने त्याचा प्रतिवादही पुन्हा करावा लागतो. माझे म्हणणे असे आहे की, स्थलांतरित समाजाची आर्थिक स्थिती मुख्यतः दोन गोष्टींनी ठरते. जाण्याचे दार कोणाला उघडले, ही पहिली. आणि उतरल्यावर हाती काय पडले, ही दुसरी. गुण, चिकाटी, काटकसर या गोष्टी खोट्या नाहीत, पण त्यांचा क्रम या दोहोंनंतर लागतो.

जगात याची उदाहरणे कमी नाहीत. अमेरिकेतील इस्रायली आणि अल्बानियन समाजांची तुलना केली तर तीत इस्रायली बरेच पुढे दिसतात. पण इस्रायलमधून अमेरिकेला जाणारा माणूस बहुधा पदवी, व्यवसाय किंवा भांडवल घेऊन, आपल्या सवडीने निघतो. अल्बानियात एन्व्हर होजाच्या राजवटीत देशाबाहेर पाऊल टाकणे हाच गुन्हा होता. ती व्यवस्था कोसळल्यावर ऑगस्ट १९९१ मध्ये ‘व्लोरा’ नावाच्या एका जहाजातून सुमारे २०,००० माणसे इटलीच्या बारी बंदरात उतरली आणि त्यांतल्या बहुतेकांना परत धाडण्यात आले. १९९७ मध्ये साखळी ठेव योजना बुडाल्या, घरोघरची पुंजी गेली आणि पुन्हा लोंढा निघाला. ग्रीसमध्ये पोहोचलेल्या अल्बानियनांत शिक्षक होते, तंत्रज्ञ होते. ते ऑलिव्हच्या बागांत आणि बांधकामांवर रोजंदारी करीत राहिले, कारण हाती कागद नव्हता. ग्रीसने १९९८ मध्ये अशा लोकांना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर परवाने देऊ केले. ज्या शिक्षकाला तोवर मालक सांगेल त्या मजुरीवर राबावे लागत होते, त्याच्या विद्वत्तेत एका कागदाने काही भर पडली नाही. त्याला मजुरी ठरवून मागता येऊ लागली, एवढेच.

अमेरिकेतील मराठी माणसाची गोष्ट याच चौकटीत वाचली पाहिजे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० माणसांपुरते. १९६५ चा कायदा आला आणि डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक यांना निवडून घेणे सुरू झाले. १९४६ ते १९७० या काळात मराठी माणसाच्या स्वभावात कोणताही मोठा फरक पडला नव्हता. फरक पडला तो त्या देशाच्या कायद्यात. पुढे १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, अधिवेशने भरू लागली, नाटकांचे दौरे निघाले, हे सर्वश्रुत आहे. प्यू संशोधन केंद्राच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये अमेरिकेतील भारतीय कुटुंबांचे मध्यक उत्पन्न सुमारे १,१९,००० डॉलर होते, तर सर्व आशियाई कुटुंबांचे सुमारे ८५,८००. या आकड्यात मराठी माणूस वेगळा मोजलेला नाही, तरीही त्याच्या जोरावर मराठी कर्तबगारीचे सिद्धान्त मांडले जातात. ज्या गटाला चाळणीतून गाळूनच आत घेतले, त्याचे उत्पन्न हा चाळणीचा पुरावा आहे. मागे राहिलेला भाऊ त्या हिशेबात कुठेच येत नाही.

मॉरिशसचा उल्लेख केला नाही तर तक्रार होईल, म्हणून थोडक्यात सांगतो. १८३४ पासून करारबद्ध मजूर तिकडे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. ऊसमळ्यांच्या जमिनीचे तुकडे विक्रीला निघाले तेव्हा काहींनी जमीन घेतली. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि पुढच्या पिढ्या सरकारी नोकऱ्यांत व कारखान्यांत शिरल्या. ज्याचा अभ्यास मनापासून करावा असे प्रकरण माझ्या मते दुसरेच आहे आणि मराठी वाचकाने त्याच्याकडे सुट्टीतल्या कुतूहलापलीकडे कधी पाहिलेले नाही. ते म्हणजे बेने इस्रायल, कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज.

अमेरिकेच्या उदाहरणात निवडलेली माणसे गेली. बेने इस्रायलांच्या बाबतीत जवळजवळ सबंध समाजच उठून इस्रायलला गेला. म्हातारे, विधवा, मॅट्रिक नापास, रेल्वेतले फिटर, पोस्टातले कारकून, परिचारिका, शिक्षक सगळेच गेले. तुलनेच्या दृष्टीने असा समाज सोन्याच्या मोलाचा असतो, कारण चाळणीचा परिणाम येथे जवळपास नाहीसा होतो. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल, मुरूड या पट्ट्यातल्या गावांत हे लोक तेलाचा घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली. अठराव्या शतकात ते मुंबईकडे आणि कंपनीच्या पलटणींत वळले. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. मिशनऱ्यांच्या मराठी शाळांचा फायदा त्यांनी लवकर घेतला आणि १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकरांच्या पुढाकाराने समाजाची स्वतःची शाळा निघाली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. घाणा सोडून नोकरी धरली, म्हणून यांच्यात धंद्याची वृत्ती नव्हती, असा निष्कर्ष काही अभ्यासक काढतात. तो उलटा आहे. घाणा हाच त्यांचा धंदा होता. मुंबईतली नोकरी अधिक पैसा आणि अधिक सुरक्षितता देत होती, म्हणून त्यांनी हिशेब करून तो सोडला.

१९४८ नंतर भारतात राहणाऱ्या सुमारे २०,००० बेने इस्रायलांपैकी बहुसंख्य पुढील दोन-तीन दशकांत इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या वाट्याला तेल अवीव आले नाही. सरकारने नव्या वसाहतगावांची योजना आखली होती आणि येणाऱ्यांना दक्षिणेकडच्या बीरशेबा, दिमोना, येरुहाम, किर्यात गात या गावांत, किंवा अश्दोद, लोद, रामला येथे उतरवले जाई. दिमोना तर १९५५ मध्ये नेगेव्हच्या वाळवंटात नव्यानेच वसवलेले. तेथे काम होते कापड गिरण्यांत आणि मृत समुद्राकाठच्या खनिज कारखान्यांत. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी घडली. मुंबईच्या कचेरीत इंग्रजीत सुबक टिपण लिहिणारा हेडक्लार्क येथे एका रात्रीत निरक्षर ठरला, कारण कारभार हिब्रूत होता. त्याचे सगळे भांडवल इंग्रजी आणि मराठी या दोन भाषांत अडकलेले. ते इस्रायलमध्ये उतरताच शून्य झाले. उलट रेल्वेच्या वर्कशॉपात मायक्रोमीटर वाचायला शिकलेला फिटर लोदच्या विमानतळालगतच्या विमान कारखान्यात सरळ कामाला लागला, कारण लोखंडाचे माप सगळीकडे सारखेच. मुंबईत कारकून फिटरपेक्षा वरचा मानला जाई; लोदमध्ये ती उतरंड उलटी झाली. एकाच समाजातली, कधी एकाच घरातली ही माणसे. त्यांच्यातला फरक रक्तातल्या गुणाने समजावून सांगता येत नाही.

ही वाट सुखाची नव्हती. वागणुकीतला भेद, कामाची टंचाई आणि थंडी यांना कंटाळून काहींनी १९५१-५२ मध्ये धरणे धरले आणि शे-दीडशे माणसे भारतात परत आली. त्यांतले बरेच जण नंतर पुन्हा तिकडे गेले. १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांनी बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचा दंडक घातला. मोठे आंदोलन झाले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने हे लोक सर्वार्थाने ज्यू असल्याचे क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, स्पष्ट केले. या प्रकरणाची नोंद धर्माच्या इतिहासात होते, अर्थकारणात कोणी करीत नाही. माझ्या मते ती दोन्हीकडे हवी. सोयरीक जुळली की नोकरीची शिफारस, उसनवारी, घरासाठी जामीन या सगळ्याच्या वाटा उघडतात. सोयरीकीवर चौकशी बसली की या वाटाही अडतात. नव्या देशात पाय रोवण्याच्या ऐन वर्षांत एका समाजाला असे रोखून धरणे हे आर्थिक नुकसानच होते.

बेने इस्रायलांच्या शेजारी कोचीनच्या ज्यूंना उभे करून पाहिले की माझा मुद्दा पक्का होतो. दोघेही भारतीय, दोघांचाही रंग सावळा, दोघेही इस्रायलच्या सरकारी आकडेवारीत आशिया-आफ्रिका या एकाच रकान्यात. कोचीनचे लोक १९५० च्या दशकात गेले आणि त्यांतल्या मोठ्या गटाला नेवातीमसारख्या मोशाव म्हणजे सहकारी शेतीगावांत बसवले. हे लोक केरळात व्यापारी, फेरीवाले, छोटे दुकानदार होते, शेतकरी नव्हते. पण इथे त्यांना जमीन मिळाली, पाणी मिळाले, शिकवायला शेतीतज्ज्ञ मिळाले आणि माल विकायला संघ मिळाला. एलियाहू बेझालेल यांनी नेगेव्हमध्ये गुलाबाची हरितगृहे उभारून फुले युरोपला धाडली. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. दिमोनात बेने इस्रायलांना पाळी मिळाली आणि पगार मिळाला, पण वाढत जाणारी मालमत्ता मिळाली नाही. कोणी म्हणेल, जमीन तर पुष्कळांना मिळाली, सगळे कुठे फुलले? ते खरे आहे. अनेक मोशाव कर्जात बुडाले. जमीन मिळाल्याने यश येतेच असे मी म्हणत नाही. जमीन न मिळालेल्याला त्या यशाची संधीच नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिमोनाचा गिरणी कामगार इस्रायलमध्ये तळाशी असेल, पण मागे राहिला असता तर काय झाले असते? या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपल्याकडे गिरणगाव आहे. कोकणातलाच दुसरा माणूस लालबाग-परळला गेला आणि मागावर उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुतेक मागावर परतले नाहीत. दिमोनाच्या कापडधंद्यालाही १९९० च्या दशकात गळती लागली. काम जॉर्डन आणि इजिप्तकडे सरकले. म्हणजे दोन्हीकडे गिरणी गेली. पण इस्रायलमध्ये १९५४ पासून राष्ट्रीय विमा होता, १९७० च्या दशकापासून बेकारभत्ता होता, दवाखाना होता, मुलांची शाळा मोफत होती. मुंबईच्या कामगाराचे आयुष्य थकबाकीची आणि घराची वाट पाहण्यात गेले. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, आणि सात हजारांच्या आत असलेल्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज होते. म्हणून बेने इस्रायल सुस्थितीत आहेत की नाहीत, याचे एकच उत्तर देता येत नाही. युरोपातून आलेल्या शेजाऱ्याच्या तुलनेत ते मागे राहिले, ते अंतर दुसऱ्या पिढीतही पुरते बुजले नाही. लालबागच्या गाववाल्याच्या तुलनेत त्यांचे म्हातारपण सुरक्षित गेले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत आणि कोणाशी तुलना करतो ते न सांगता केलेले विधान निरुपयोगी असते.

हे सारे मराठीत लिहून ठेवायला हवे होते. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत राहिले, तिकडे महाराष्ट्र दिन साजरा होत राहिला. म्हणजे साक्ष द्यायला माणसे होती आणि तीही आपल्या भाषेत बोलणारी. आपल्या विद्यापीठांनी त्यांच्या रोजगाराचा, घरांचा, मजुरीचा पद्धतशीर मराठी अभ्यास केला नाही. कोचीनच्या फुलांची नोंद इंग्रजीत झाली, दिमोनाच्या पाळ्यांची मराठीत झाली नाही. आजचे संपादक स्थलांतरावर लेख मागतात तेव्हा त्यांना हवा असतो यशस्वी माणूस आणि त्याचा फोटो. आकडा मागणारा संपादक हल्ली दुर्मीळ झाला आहे आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

वऱ्हाडातल्या, घाटावरच्या साखरखेर्ड्यासारख्या गावाला हा विषय दूरचा वाटायचे कारण नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला तेजी आली, मलकापूर-शेगावकडून रेल्वे गेली आणि वऱ्हाडात बाहेरून माणसे येऊ लागली. रेल्वे घाटाखाली राहिली. घाटावरच्या सिंदखेडराजा, मेहकर, लोणारच्या वाट्याला ती आजही नाही, खामगाव-जालना मार्ग पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच आहे. येथून आता माणसे बाहेर जातात आणि दोन वाटांनी जातात. आयटीआयचा दाखला असलेला मुलगा चाकण किंवा वाळूजच्या कारखान्यात लागतो. ज्याच्याकडे तो नाही, तो मुकादमाकडून उचल घेऊन जोडीने ऊसतोडीला जातो, कोपीत राहतो आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते. दोघांची जमीन एकाच शिवारात, दोघांचे देव एकच, कष्टात ऊसतोड करणारी जोडी तसूभरही कमी नाही. लोदचा फिटर आणि लोदचा कारकून यांच्यात जे अंतर होते, ते येथे एकाच आळीत आहे. तरीही गावागावांत ‘त्याची पोरं हुशार निघाली’ एवढ्यावर विषय मिटवला जातो.

ग्रामपंचायतीत जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. कोण कुठे गेला, कोणत्या कामावर, किती उचलीवर आणि कोणत्या दाखल्यावर, हे कोठेही एकत्र लिहिले जात नाही. दिवाळी सरली की टोळ्या हलतात आणि शाळेचा पट खाली येतो, तेव्हा शिक्षकाला आकडा कळतो, पण तो शाळेबाहेर जात नाही. माझी मागणी साधी आहे. घाटावरच्या एका तालुक्यातल्या प्रत्येक गावाने सलग दहा वर्षे ही नोंद ठेवावी. निघताना हाती काय होते आणि उतरल्यावर काय मिळाले, असे दोनच रकाने त्यात असावेत. मग गुणांची चर्चा करायला मी तयार आहे, आणि माझा सिद्धान्त त्या आकड्यांनी खोटा ठरला तर तो मागेही घेईन.