अभिरूप महासभा

अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद आपल्या परिचयाची आहे. संयुक्त राष्ट्रांची अभिरूप महासभा मात्र मी प्रथम पाहिली ती येथे, कोल्हापुरातील एका शाळेच्या सातवीच्या वर्गात. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून नियम समजावून देण्याचे काम माझ्याकडे होते.

वीस मुले, वीस देश. विषय निर्वासितांना आश्रय देण्याचा. देश चिठ्ठ्या टाकून वाटलेले. बोलताना ‘मला वाटते’ म्हणावयाचे नाही, ‘माझ्या देशाचे मत असे आहे’ म्हणावयाचे. ‘ताई, मला हे पटत नाही, तरी बोलू?’ एकाने विचारले. म्हटले, बोल. न पटणारी बाजूही आतून समजून घेणे, हाच मुत्सद्देगिरीचा श्रीगणेशा.

खऱ्या महासभेत 193 सदस्य आहेत. देश लहान असो वा मोठा, मत एकच. पण तिचे ठराव बहुतेक शिफारशीच असतात. सक्ती करता येत नाही, म्हणून मन वळवावे लागते. महत्त्वाच्या प्रश्नांना मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांचा पाठिंबा लागतो. तटस्थांना हिशेबात धरत नाहीत. आम्ही हाच नियम ठेवला.

मसुद्यात ‘आश्रय दिलाच पाहिजे’ असे होते. चाचपणीत आठच देश अनुकूल निघाले. मधल्या सुट्टीत डबे खाता खाता तडजोड झाली: ‘कुवतीप्रमाणे द्यावा.’

मसुदा लिहिणारी मुलगी हिरमुसली. ‘ताई, आमची कुवत नाही, असे कोणीही म्हणेल की!’

मला चटकन उत्तर सुचेना. मग मी वळिवड्याची हकीकत सांगितली. 1943 ते 1948 या काळात आपल्या शहरालगतच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायकामुलेच अधिक. पुढे फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे तेथेच वसली. आजचे गांधीनगर ते हेच.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मसुद्यात एक ओळ वाढवली: ‘किती जणांना आश्रय दिला, हे प्रत्येक देशाने दरवर्षी सभेला सांगावे.’

मतदान झाले. अनुकूल 10, प्रतिकूल 5, तटस्थ 5. पंधरांत दहा; ठराव अगदी काठावर संमत झाला.

शब्द मऊ केला म्हणजे माघार घेतली, असे मी समजत होते. मऊ शब्दालाही जाब विचारण्याची सोय ठेवता येते, हे मला त्या सातवीतल्या मुलीने शिकवले.