खोलीचे तापमान आणि विद्यार्थ्यांची बौद्धिक कार्यक्षमता

प्रस्तावना :
विद्यार्थ्याचे अध्ययनात लक्ष लागत नसेल तर आपण त्याची आवड, तयारी व शिस्त यांचा विचार करतो. तो ज्या खोलीत राहतो, झोपतो व अभ्यास करतो, तिच्या तापमानाचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित घटकाचे विवेचन केले आहे.

बोस्टन येथील अभ्यास :
हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील संशोधकांनी २०१६ च्या उन्हाळ्यात बोस्टनमधील ४४ तरुण विद्यार्थ्यांचा १२ दिवस अभ्यास केला. त्यांपैकी २४ वातानुकूलित, तर २० साध्या वसतिगृहात राहत होते. सकाळी उठताच ते मोबाइलवर दोन चाचण्या सोडवीत. पहिलीत रंगाचे नाव व शाईचा रंग यांत गल्लत न करता उत्तर द्यायचे असे. दुसरीत बेरीज-वजाबाकी असे. उष्णतेच्या लाटेत साध्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना पहिल्या चाचणीत प्रतिसादास १३.४ टक्के अधिक वेळ लागला, तर दुसरीतील त्यांची कामगिरीही कमी ठरली. विशेष म्हणजे लाट ओसरल्यावर ही तफावत सर्वाधिक दिसली. कारण बाहेरची हवा निवली तरी इमारतीत साठलेली उष्णता कायम होती.

दीर्घकालीन परिणाम :
अमेरिकेतील पीएसएटी ही परीक्षा एकाहून अधिक वेळा देणाऱ्या सुमारे १ कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांचे विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्ष १ अंश फॅरनहाइटने अधिक उष्ण गेल्यास त्या वर्षीचे अध्ययन सुमारे १ टक्क्याने घटते. म्हणजेच उष्णतेचा परिणाम केवळ परीक्षेच्या दिवसापुरता नसतो.

मर्यादा :
बोस्टनमधील नमुना लहान होता व विद्यार्थ्यांची वसतिगृहे संशोधकांनी ठरविलेली नव्हती. शिवाय तेथील हवामान थंड आहे. त्यामुळे हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु दिशा स्पष्ट आहे.

निष्कर्ष :
विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी परीक्षांच्या काळात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर रात्र काढलेला विद्यार्थी आणि थंड खोलीतून आलेला विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवितात. त्यांच्या गुणांतील फरक सर्वस्वी बुद्धीचा मानणे न्याय्य नाही. म्हणून महाविद्यालयांनी वर्गांत व वसतिगृहांत तापमापक लावून नोंदी ठेवाव्यात, गच्चीला पांढरा चुना द्यावा, खेळती हवा व पिण्याचे पाणी यांची सोय करावी आणि शक्य तेथे परीक्षा सकाळच्या सत्रात घ्याव्यात. यांतील बहुतेक उपायांना मोठा खर्च येत नाही.