रिंगणातील अश्व आणि चित्राच्या तीन चौकटी

नीरा नदीतील स्नानानंतर श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद येथे मुक्कामास येते. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातील पहिले उभे रिंगण होते. वारकरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहतात आणि मधील वाटेने दोन अश्व दौडत जातात. एकावर स्वार असतो. दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. हा सोहळा आता घरोघरी दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर पाहिला जातो. गर्दीवर लक्ष ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांनाही असेच चित्र नियंत्रण कक्षाकडे धाडावयाचे असते. दोन्ही चित्रे एकाच तंत्राने आटोपशीर केली जातात. परंतु दोहोंची गरज एक नाही. साहित्य खरेदी करताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आवर्जून विचारले जाते. चित्राच्या चौकटी कोणत्या क्रमाने पाठविल्या जाणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

चलच्चित्र म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. आपल्याकडील दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चित्रे दाखविली जातात व अशा प्रत्येक चित्रास चौकट किंवा फ्रेम म्हणतात. आजच्या एका चांगल्या प्रतीच्या चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरल्यास एका सेकंदाच्या चित्रासाठी सुमारे १२४ कोटी बिट लागतील. प्रत्यक्षात असे चित्र ४० ते ५० लाख बिटांच्या जोडणीवरून समाधानकारक रीतीने पोहोचते. जोडणीच्या या क्षमतेस बँडविड्थ म्हणतात. नीरा उजव्या कालव्याच्या पट्ट्यातील वाचकास वहनक्षमता हा शब्द नवा नाही. येथे पाण्याऐवजी बिट वाहतात, इतकाच फरक. इतकी मोठी काटछाट होऊनही चित्र ओळखू येते, याचे श्रेय तीन प्रकारच्या चौकटींना आहे.

पहिल्या प्रकारास आय चौकट म्हणतात. ती स्वयंपूर्ण असते आणि इतर कोणत्याही चौकटीचा आधार न घेता तिच्यावरून पूर्ण चित्र उभे करता येते. चित्राचे लहान लहान चौरस पाडून त्यांतील डोळ्यांना फारसे न जाणवणारे बारकावे गाळणे, ही तिच्या संक्षेपणाची रीत. या रीतीच्या मुळाशी असलेली गणिती पद्धत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव हे तिचे कर्ते होत. आज जगातील बहुतेक चित्रवाहिन्या त्या पायावर उभ्या आहेत, ही गोष्ट शाळांतून सांगितली जावी अशी आहे.

दुसरी पी चौकट. लोणंदच्या बाजार आवारात कांद्याचा लिलाव चालू आहे आणि समोर तिकाटण्यावर कॅमेरा स्थिर लावला आहे, असे समजू. छपराचे पत्रे, खांब, कांद्याचे ढीग जागचे हलत नाहीत. हलतात ती माणसे. तेव्हा प्रत्येक वेळी सगळे आवार नव्याने पाठविण्याचे कारण नाही. मागील चौकटीतील अमुक चौरस इतका डावीकडे सरकला आणि त्यात एवढा फरक पडला, इतकेच कळविले की पुरते. मागील चित्रावरून पुढील चित्राचा अंदाज बांधणारी ही चौकट आय चौकटीपेक्षा पुष्कळच लहान असते.

तिसरी बी चौकट मागे पाहते आणि पुढेही पाहते. तिचे मर्म रिंगणातील अश्वावरून चांगले उमगते. अश्व दौडत असताना त्याच्या अंगाआड एक पताकाधारी वारकरी दडलेला आहे. पुढच्या क्षणी अश्व सरकतो आणि तो वारकरी उघडा पडतो. मागील चौकटीत तो नव्हताच. त्यामुळे तिच्यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही आणि पी चौकटीस तो भाग नव्याने रेखाटावा लागतो. यानंतरच्या चौकटीत मात्र तो स्पष्ट दिसत असतो. बी चौकट मागील चौकटीतून अश्वाचा भाग उचलते, पुढील चौकटीतून वारकऱ्याचा, आणि फार थोड्या बिटांत काम भागविते.

परंतु पुढचे पाहावयाचे तर पुढचे घडेपर्यंत थांबावे लागते. आय, बी, बी, पी असा दाखविण्याचा क्रम असेल, तर पाठविण्याचा क्रम आय, पी, बी, बी असा होतो. दोन चौकटींत ४० मिलिसेकंदांचे अंतर असल्याने मधल्या दोन बी चौकटींपायी ८० मिलिसेकंद येथेच खर्ची पडतात. काही संगणकीय संक्षेपक बिटांची वाटणी नीट व्हावी म्हणून ४० चौकटींपर्यंत पुढचे पाहून मग निर्णय घेतात. तो विलंब १.६ सेकंदांचा होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने दौडणारा अश्व तेवढ्या वेळात १६ मीटर पुढे गेलेला असतो.

यातील देवाणघेवाण आकड्यांत मांडून पाहता येईल. आय चौकटीस ६ लाख, पी चौकटीस २ लाख आणि बी चौकटीस ८० हजार बिट लागतात, असे केवळ उदाहरणादाखल धरू. सर्वच चौकटी आय ठेवल्यास सेकंदाला १५० लाख बिट लागतील. बारा चौकटींच्या गटात एक आय व अकरा पी ठेवल्यास हा आकडा सुमारे ५८ लाखांवर येतो. एक आय, तीन पी आणि आठ बी अशी रचना केल्यास तो सुमारे ३८ लाखांपर्यंत उतरतो. (बी चौकटी वगळल्या की पी चौकटी एकमेकींच्या जवळ येऊन किंचित लहान होतात, ती सूट येथे धरलेली नाही.) जोडणी ४० लाखांचीच असेल आणि विलंब नको म्हणून बी चौकटी वगळल्या, तर ५८ लाखांचे चित्र ४० लाखांत बसवावे लागेल. अर्थात ते तितके पुसट होईल. वहनक्षमता, दर्जा आणि विलंब या तिघांपैकी दोन सांभाळले की तिसऱ्यास तोशीस लागते.

आय चौकटही विलंबास कारण होते, ही बाब मात्र अनेकदा नजरेतून सुटते. ४० लाखांच्या जोडणीवरून ६ लाखांची चौकट जाण्यास १५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ चार चौकटींचा वेळ. यास्तव काही यंत्रणांत पूर्ण आय चौकट एकदम न पाठविता तिच्या पट्ट्या अनेक चौकटींतून थोड्याथोड्या पाठविल्या जातात.

मग आय चौकटी विरळ का ठेवू नयेत? लिलावाच्या आवारासारख्या स्थिर दृश्यात तसे करणे फायद्याचे असते. परंतु वाटेत काही बिट गहाळ झाले, तर पी चौकटीतील चूक तिच्यावर विसंबलेल्या पुढील सर्व चौकटींत पसरत जाते आणि चेहरे चौकोनी डागांत विरघळतात. ही घाण धुऊन निघते ती पुढील आय चौकट आल्यावरच. दर दहा सेकंदांनी आय चौकट असेल, तर जवळजवळ दहा सेकंद ते चित्र निरुपयोगी ठरू शकते. नव्याने वाहिनी लावणाऱ्यासही पुढील आय चौकटीची वाट पाहावी लागते.

तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. १९८८ मध्ये दूरध्वनीच्या अंकीय तारांवरून समोरासमोर बोलण्यासाठी जे एच. २६१ मानक ठरले, त्यात बी चौकट नव्हतीच. संभाषणाला थांबणे परवडत नाही. १९९३ च्या एमपेग-१ मानकात, तबकडीवर चित्रपट मावावा हा हेतू असल्याने, ती आली. २००३ मधील एच. २६४ आणि २०१३ मधील एच. २६५ या मानकांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या असून निवड वापरणाऱ्यावर सोपविली आहे.

ही निवड कामाच्या स्वरूपावरून करावी लागते. घरी बसून रिंगण पाहणाऱ्या भाविकास चित्र काही सेकंद मागाहून मिळाले तरी बिघडत नाही. तेथे बी चौकटींचा सढळ वापर करून दर्जा राखावा. शाळांसाठी एकदा ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवावयाच्या पाठांस हेच लागू आहे. तालुका व जिल्हा मुख्यालय यांमधील दूरदृश्य बैठकीत मात्र बी चौकटी बंद असणे श्रेयस्कर. संभाषणात एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर तो जाणवत नाही, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. ४०० च्या पुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. गर्दीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची गरज आणखी निकडीची. अरुंद वाटेवर रेटारेटी सुरू झाल्याचे तीन सेकंदांनी कळणे आणि तत्काळ कळणे यांत बंदोबस्ताच्या दृष्टीने महदंतर आहे. तेथे बी चौकटी वगळून, दर एक-दोन सेकंदांनी आय चौकट ठेवून, चित्र थोडे कमी रेखीव आले तरी ते स्वीकारावे. कॅमेरा भक्कम खांबावर असावा. तो वाऱ्याने हलला तर प्रत्येक चौरस सरकतो आणि बिट व्यर्थ जातात. पताकांची फडफड, पाऊस व धूळ यांपायी ते तसेही अधिक लागतातच.

पुरवठादाराच्या पत्रकावर न विसंबता विलंब मोजण्याची एक सोपी रीत आहे. सेकंदाचे शतांश दाखविणारे घड्याळ कॅमेऱ्यासमोर ठेवावे, पडदा त्या घड्याळाशेजारी आणावा आणि दोहोंचे एकत्र छायाचित्र घ्यावे. दोन वेळांतील फरक हा त्या यंत्रणेचा एकूण विलंब होय. ही चाचणी प्रत्यक्ष वापरावयाच्या जोडणीवरच घ्यावी. आणि ती जोडणी मोबाइलच्या जाळ्यावरची असेल, तर पालखीतळ रिकामा असताना मिळालेला आकडा मुक्कामाच्या दिवशी टिकेल असे गृहीत धरू नये. त्या दिवशी तीच वहनक्षमता हजारो मोबाइलमध्ये वाटली गेलेली असते.